खाज आमची, गुपित त्यांचं

आबांचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपुरात, मी शिकवते त्या शाळेच्या गेटातून बाहेर पडत होते. "ती गयी," एवढंच म्हणाले. कोण गेली, हे मला विचारावं लागलं नाही. आबा म्हणजे माझे वडील. ते आपल्या थोरल्या भावजयीशी कित्येक वर्षं बोलत नव्हते आणि तिचा विषय निघालाच तर नुसतं "ती" म्हणत. नाव न घेण्याची आमच्या घराला जुनीच खोड आहे, म्हणून मी आधी तिचं नाव लिहून मोकळी होते... द्वारकाबाई. माझी थोरली काकू, आम्हा सगळ्या भावंडांची मोठीआई. पाचोरा तालुक्यातल्या आमच्या गावात तिला कुणी शहाणी म्हणत, कुणी तोंडाळ म्हणत, आणि दोघांचंही खरं होतं. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा ओट्यावर गर्दी जमली होती, आबा पडून मोडलेला, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून खांबाशी बसले होते, आणि कुणीतरी म्हणत होतं, "औषध बी तिन्हासंगे गयं." तेव्हा प्रसंग ओळखून गप्प राहिले. आता गप्प राहणार नाही, म्हणून हा लेख.

आमचं घर हाड बसवणाऱ्यांचं. मंगळवारी आणि रविवारी ओटा भरून जायचा. बैलगाडीवरून पडलेले, चिंचेवरून घसरलेले, पुढे पुढे मोटारसायकलवरून आपटलेले लोक यायचे. आजोबांना, म्हणजे नानांना, बोटांनी चाचपूनच कळायचं काय कुठे सरकलंय ते. हाड बसवून वर हिरवा लेप थापायचा, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधायची. पैसा घ्यायचा नाही, कुणी नारळ ठेवला तर ठेवला. यात काही खोटं नव्हतं आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो लेप कशाचा, हे घरातल्या पुरुषांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कुण्या साधूने आमच्या पणजोबांना ती वनस्पती दाखवली आणि बजावलं, नाव तोंडाबाहेर पडलं की गुण गेला! म्हणून ते बापाकडून मुलाकडे जायचं. मुलीला सांगायचं नाही, कारण मुलगी म्हणजे लोकांचं धन, ती उद्या गुण सासरी घेऊन जाणार. नाना पहाटे एकटे जात, येऊन कोठीच्या खोलीत आतून कडी लावत, आणि बाहेर येत ते फडक्यात बांधलेले बारीक हिरवे तुकडे घेऊन. ते पाट्यावर वाटायचं काम मात्र बायकांचं. वाटा, विचारू नका.

मोठीआई या घरात आली ती शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून. लग्नाला आठवडा झाला नसेल, सासूने तिला पाट्यावर बसवलं. थोडं वाटून होतंय न होतंय तोच तिचे तळहात खाजायला लागले, लाल झाले. आणि ही नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत, भर घरात मोठ्याने म्हणाली, "हाई तं कांडवेल शे! आमना तठे कुंपनवर ऱ्हास." सासूने धावत येऊन तिचं तोंड दाबलं. नाना ओट्यावर होते, त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून घरात तिला कुणी लेपाबद्दल बोलू दिलं नाही. लहानपणी बकऱ्या वळताना ज्या वेलाने हात खाजले होते, तो वेल तिने खाजेवरूनच ओळखला होता. तुकडे कितीही बारीक करा... हाताला कसं फसवणार?

पुढे किती वर्षं ती वाटत राहिली. आधी नानांसाठी, मग नवऱ्यासाठी, तो अकाली गेल्यावर दिरासाठी, म्हणजे आबांसाठी. वाटून झालं की मागच्या दारी जाऊन भिंतीच्या खरखरीत पोपड्यांवर तळहात घासायची. चिंचेचं पाणी लावून पाहिलं, राख लावून पाहिली, ताकात हात बुडवून बसली. माझ्या आत्या हसत. "हात खाजस म्हंजे पैसा येस, वहिनी!" त्यावर मोठीआई म्हणे, "तसं ऱ्हातं तं आतेलोंग तुमनी माडी बांधाई जाती." मी तेव्हा परकरात होते, तिच्याजवळ बसून लसूण सोलायची. एकदा तिने माझ्यासमोर दोन्ही तळहात धरले, पुरळ उठलेले, आणि म्हणाली, "देख. खाज आमनी, गुपित त्यासनं." मला हसू आलं. तिला आलं नव्हतं.

तिच्या माहेरी गुपित नव्हतंच. सोंगणीच्या दिवसांत डोंगरातून पावरा आदिवासी बाया खाली मजुरीला येत. एखाद्या बकरीचा पाय मोडला की त्यातली एखादी तिथल्या तिथे कुंपणावरची कांडवेल तोडून, दगडावर ठेचून, चिंधीने बांधून टाकी. "इचारं तरी सांगेत, नही इचारं तरी सांगेत," मोठीआई म्हणायची. तापाला काय, खोकल्याला काय, बाळंतिणीला काय, सगळं चालता चालता सांगायच्या, जणू रस्ता सांगतायत. आमच्या घरातल्या साधूवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. "साधू कसाना? एखादी पावरीननी दिधं व्हई, आन नाव साधूनं लायं." हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. तिला ते शंभर टक्के खरं वाटे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव नाही, ज्या वेलाचं घेतलं त्याचं नाव नाही, आणि मिरवायचं मात्र आमचं घराणं, याचा तिला भयंकर राग यायचा. मला आता तिच्याहून जास्त येतो.

आबांना वारस नव्हता असं नाही. माझा भाऊ आहे, सुरतेला कंपनीत. त्याला यात रस नाही, तसं त्याने तोंडावर सांगितलं. मी एकदा आबांना म्हटलं, मला सांगा, मी शिकते. ते म्हणाले, "तू पोर शे." बस्स. चाळिशी उलटलेल्या बाईला! कुणालाही न सांगता विझून गेलं तरी चालेल, पण पोरीच्या हातात द्यायचं नाही... याला गुण जपणं म्हणतात, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आणि मग तो रविवार आला. आबा जळगावला एका लग्नाला गेले होते, कोठीला कुलूप. ओट्यावर पाच-सहा माणसं होती, त्यात पारोळ्याकडून एसटीने आलेली एक बाई, बरोबर तिची लग्नाच्या वयाची मुलगी, घोटा टम्म सुजलेला. मी सुट्टीत आले होते. आबा नाहीत म्हटल्यावर ती बाई रडकुंडीला आली. मोठीआई चुलीपुढून उठली, चपला घातल्या, आणि मराठी शाळेच्या मागच्या कुंपणावरून हातभर वेल तोडून भर गल्लीतून हातात मिरवत घेऊन आली. चौकोनी कांडी, जागोजाग गाठी. पाटा उचलून तिने ओट्यावर आणला, सगळ्यांसमोर. "बठ्ठाजन देखी ल्या. हाई कांडवेल शे. कांड...वेल. पोरी, तू बी सांग." त्या मुलीने घाबरत घाबरत नाव घेतलं. मोठीआईने घोटा चाचपला, वाटलं, लेप बांधला आणि वर बजावलं, "बोटं काळी पडनात किंवा ठणका थांबना नही, तं धुयाना दवाखानामा जाईसन हाडना फोटो काढा. हाई पाला शे, देव नही." मग एक म्हातारा म्हणाला, "हाई? हाई तं मन्हा वाडाना कुंपनवर शे! मी रोज तठे बकऱ्या बांधस." त्याच्या आवाजातली निराशा मी विसरणार नाही. कुणीतरी आपल्याला फसवलंय, असा त्याचा चेहरा झाला होता.

संध्याकाळी आबा परतले तोवर गावभर झालं होतं. ते दारातूनच गरजले, "वहिनी, तुम्हीन बापदादासना गुण मातीमा घाला!" मोठीआई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "गुण वेलमा शे, आबा. तोंड दाबामा नही." हे त्यांचं शेवटचं बोलणं. मधे भिंत उभी राहिली, चुली वेगळ्या झाल्या. आणि गंमत पहा, लोकांनी आबांचीच बाजू घेतली. महिन्याभरात ओटा ओस पडला. कुंपणावर फुकट उगवतं त्याने हाड कसं जुळेल? पिकतं तिथे विकत नाही, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. लोकांना औषध हवं होतं, पण त्याहून जास्त गुपित हवं होतं. घरातले सगळे तिला दूषणं देत होते आणि ती रिकाम्या ओट्यावर तूर निवडत बसायची. वाईट वाटत होतं तिला. एकदा डोळे भरलेलेही मी पाहिले. पण माघार घेतली नाही.

उलट तिने नवीनच काढलं. गावातली कुठलीही मुलगी सासरी निघाली की मोठीआई मांडवात हजर. कांडवेलीचं एक कांडं ओल्या फडक्यात गुंडाळून नवरीच्या पिशवीत खुपसायची. सोबत नाव, वापर, आणि डॉक्टरकडे कधी जायचं ते. कांडं असं की कुठेही खोचा, रुजतं. नवरीकडच्या म्हाताऱ्या कुरकुरत, तेव्हा म्हणे, "लोकेसनं धन जाई राहिनं ना? मंग रिकामं काबरं धाडतस?" ज्या भीतीपोटी आम्हाला सांगितलं नाही, नेमकं तेच तिने दिवसाढवळ्या केलं.

तिला चमत्काराचं वेड नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या कुणीतरी तिचा फोटो लावून नारळ फोडेल. कांडवेलीने हाड जुळतं का, मी सांगू शकत नाही. सूज उतरलेली, ठणका कमी झालेला मी पाहिलाय, तेवढंच सांगते. गेल्या उन्हाळ्यात ती अंगणात घसरली आणि खुबा मोडला. गल्लीतला एक टवाळ म्हणाला, आता बांधा की तुमची कांडवेल! ती तशी पडल्या पडल्या म्हणाली, "खुबा मोडना शे, डोकं नही. गाडी बलाव." धुळ्याला ऑपरेशन झालं. मी रोज डबा घेऊन जायची, तर ही शेजारच्या खाटेवरच्या बाईला वेलाची कांडी कशी ओळखायची ते समजावत असायची. मी म्हटलं, "मोठीआई, आठे तरी गप बठ ना." तिने माझ्याकडे पाहिलं. "गप बठीसन काय भेटनं माले?"

मागच्या महिन्यात आबांचं प्लास्टर काढलं. मनगट आखडलेलं, सुजलेलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, तो चालू आहे. पण एका रविवारी आबांनी मला गावी बोलावून, इकडे तिकडे पाहत विचारलं, "लेप करशी का?" बायकांच्या हातचंच लागतं त्यांना, वाटायला. मी मोठीआईच्या मागच्या दारचा पाटा धुतला, कुंपणावरून कांडवेल तोडली आणि वाटायला बसले. आबा खुर्ची टाकून समोर बसले. मी वरवंटा हातात घेतला तसे ते म्हणाले,

"पहिले हातले तेल लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्या घरात बायकांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट ठणकावून सांगितलेली असे. लेपाला तेलाचं बोटही लागता कामा नये, तेल लागलं की लेप हाड धरत नाही. म्हणून तर मोठीआईने चिंच, राख, ताक सगळं केलं आणि तेल तेवढं लावलं नाही. गुपित फोडलं तिने, पण हा नियम पाळला, कारण त्याने रोग्याचं नुकसान होईल असं तिला वाटायचं.

"लेपले तेल चालत नही ना, आबा?"

"ते बायासले सांगासाठे व्हतं."

"काबरं?"

ते म्हणाले, "खाजना धाक ऱ्हास तं कोनी त्या वेलले हात लावत नही."

म्हणजे ठाऊक होतं. नानांना ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं. कोठीच्या बंद दाराआड ते हाताला तेल चोपडून वेल चिरत होते आणि बाहेर ही बाई भिंतीवर तळहात घासत होती. तिचा नवरासुद्धा एका शब्दाने बोलला नाही. मला संताप आला. आबा म्हातारे आहेत, माझे वडील आहेत, माझा त्यांच्यावर जीव आहे, आणि तरीही मी हे लिहिते आहे. मी तेल लावलं नाही. तशीच वाटत बसले, त्यांच्यासमोर, हात लाल होईपर्यंत, एकदा तरी त्यांनी ते पाहावं म्हणून. लेप त्यांच्या मनगटावर नीट बांधला, औषधाला नाही म्हणू नये. मग मागच्या दारी उभी राहून गल्लीतल्या बायकांना हाक मारली. "बहिनीसवन, आयका! कांडवेल वाटाना पहिले हातले तेल लावा. खाज येत नही!" दोघी-तिघी हातातली कामं टाकून आल्या. आबा आतून म्हणाले, "सांगी दिधं?" मी म्हटलं, "सांगी दिधं."

आमच्या घराचं तेवढं एकच गुपित उरलं होतं, ते आता छापूनही झालं. ज्यांचा गुण जायचा असेल त्यांचा जावो. मला वाईट एवढंच वाटतं की ते मोठीआईच्या कानावर पडायला हवं होतं, तिच्या हातांना मिळायला हवं होतं, आणि ते आता कधीही होणार नाही.

काल गावाकडच्या शेजारणीशी फोनवर बोलणं झालं. मोठीआईच्या पाट्याशेजारी आता तेलाची वाटी असते म्हणाली. कुणी आणून ठेवली ठाऊक नाही, पण संपली की ज्या बाईच्या लक्षात येतं ती भरून ठेवते.