रानफुलाला खतपाणी

आमच्या ऑफिसचे माळीकाका एकोणीस वर्षं एकच रानझुडूप उपटत होते. थेंबभर पाणी न मिळताही ते कुंपणाशी दरवर्षी जांभळी फुलं आणि चपट्या शेंगा घेऊन पुन्हा उभं राही. "मुळी पाताळात गेलीय पठ्ठ्याची," काका कौतुकाने कुरकुरत.

मग कुणा पाहुण्या तज्ज्ञाने ते दुर्मीळ ठरवलं. मोठ्या साहेबांनी लगोलग पाटी लावली, कठडा बांधला आणि रोज दोन बादल्या पाण्याचा हुकूम सोडला.

"साहेब, कोरड्या जमिनीतलं आहे ते. कुजेल."

"इतकी वर्षं उपटलंत आणि आता मला अक्कल शिकवता?"

काकांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. ते रोज दोन बादल्या ओतू लागले. पंधरा दिवसांत झुडूप कुजलं आणि काकांना निष्काळजीपणाची नोटीस आली. पेन्शन अडकायची वेळ आली.

काकांनी उत्तर लिहिलं, 'हुकमाप्रमाणे रोज काळजी घेतली, म्हणून झुडूप मेले.' हे उत्तर वर पाठवायची साहेबांची छाती झाली नाही. नोटीस गुपचूप मागे घेतली गेली.

सायकलस्टँडमागे जुन्या शेंगांतून चार रोपं उगवली आहेत. काका तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांनी पाहिलं, तर साहेबही पाहतील.