जाळीच्या कपाटाची कडी

साठ सालच्या सुमारास यवतमाळच्या आमच्या घरातल्या जाळीच्या कपाटाची कडी लागेनाशी झाली आणि मांजर रोज दूध पिऊ लागलं. "तू दार आपटते, म्हून बिघडली," असं म्हणत नवऱ्याने कडीला तेल दिलं, कानस मारली; तरी ती लागेना. मी दार कधीच आपटलं नव्हतं.

मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे चारही पाय पाणी भरलेल्या चिनी मातीच्या वाट्यांत असत. त्यातली एक फुटली, तेव्हा ह्यांनीच तिच्या जागी जाड बुडाची दगडी वाटी ठेवली होती. त्या जाड बुडानेच कपाट तिरकं झालं होतं आणि कडी जागेवर बसत नव्हती. मी दगडी काढून बाकीच्यांएवढीच वाटी ठेवली. कडी लागली.

"पाह्यलं? कानस मारली म्हून लागली," हे म्हणाले.

तेव्हा मात्र मी दार खरंच आपटलं.