गाठ आपली, दोर त्याचा

सुलतानपूरच्या शकूरभाईंनी आयुष्यात भरवसा ठेवला तो एका अल्लावर, आणि त्यालाही अधूनमधून आठवण करून द्यायची त्यांना सवय होती. बाकी सगळी दुनिया तपासून घ्यायची. रात्री दाराची कडी लावली की ती तीनदा ओढून पाहायची. गॅस बंद केला की पुन्हा एकदा स्वयंपाकघरात फेरी. मेहकरच्या बसमध्ये बसले तर ‘मेहकरलाच जाते ना’ हे आधी कंडक्टरला विचारायचं, मग ड्रायव्हरला, आणि तरी जीव भरला नाही तर शेजारच्या बाईला. त्यांची बायको अख्तरी म्हणायची, “यांची नमाजबी एसटी सुटून राह्यल्यावानी. सलाम फेरला नाही का चाल्ले चप्पल पाह्यले.”

लोक हसत, पण त्यांच्या या खोडीला कारण होतं. शकूरभाईंचं काम विहिरी खोदायचं. काठावर लोखंडी खांबांची यारी उभी करायची, डिझेल इंजिनानं तिची तार खाली सोडायची. माती बकेटीतून वर जाते आणि माणूस कमरेला दोर बांधून, तो हुकात अडकवून खाली उतरतो. सतरा वर्षांचे असताना त्यांनी बांधलेली एक गाठ सुटली होती. भरलेली बकेट तीस फुटांवरून खाली आली आणि ज्या चाचानं त्यांना हे काम शिकवलं, त्याच्या पायावर पडली. चाचा आयुष्यभर लंगडत चालला. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या, वर बोट दाखवत, तो एवढंच म्हणाला होता, “रडू नोको. गाठ आपली, दोर त्याचा.”

शकूरनं त्यातलं पहिलं अर्धं उचललं. तेव्हापासून आज छप्पन्नाव्या वर्षापर्यंत, यारीवरची प्रत्येक गाठ त्यांच्या बोटाखालून जायची. दुसरं अर्धं त्यांनी चाचाजवळच ठेवलं.

त्या दिवशी सकाळी याच गाठीवरून तोंडातोंडी झाली. मार्तंड सरांच्या शेतातली जुनी विहीर आणखी खोल करायचं काम चाललं होतं. सर निवृत्त शिक्षक. एप्रिलात विहीर कोरडी पडायची म्हणून यंदा त्यांनी मनावर घेतलं. यारी चालवायला गजेंद्र होता. त्यानं दोर बांधून दिला, शकूरभाईंनी नेहमीप्रमाणे तो सोडला आणि स्वतः पुन्हा बांधला.

“काऊन भाई,” गजेंद्र म्हणाला, “बारा वर्षं झाले संगं काम करून राह्यलो. अजून माह्या गाठीवर भरवसा नाही?”

“भरवसा अल्लावर हाय. गाठ मी पाह्यतो.”

 गजेंद्रनं इंजिनाचं हँडल गरजेपेक्षा जोरात फिरवलं.

आणि गंमत अशी, की सगळं तपासणाऱ्या या माणसानं त्या विहिरीवर एक गोष्ट सोडून दिली होती. काढलेल्या मुरमाचा ढीग काठापासून दहा-बारा फूट लांब टाकायचा, हा त्यांचा स्वतःचा कायदा. पण तिथं सरांच्या बायकोनं, सुहासिनीबाईंनी, मेथी-कोथिंबिरीचे वाफे घातले होते. “तेवढी माझी मेथी वाचवा हो,” असं बाईंनी तीनदा म्हटलं. शकूरभाई दोनदा कुरकुरले आणि तिसऱ्यांदा गप्प बसले. ढीग पूर्वेच्या काठालगत वाढत गेला.

बाराच्या सुमाराला पाणी लागलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात, खडकाच्या फटीतून आधी ओल आली, मग करंगळीएवढी धार. अशा वेळी एक रीत असते. खोदणाऱ्यानं पहिली कळशी त्या झऱ्याखाली भरून वर पाठवायची. घरधनीण तिला हळद-कुंकू वाहते, नारळ फुटतो, मगच पुढचं काम. शकूरभाईंनी चाळीस वर्षांत शेकडो विहिरींना पाणी लावलं असेल, तरी दर वेळी त्यांचा जीव लहान पोरासारखा उडायचा. संगतीच्या माणसांना त्यांनी वर पाठवलं आणि कळशी झऱ्याला लावून खालून आरोळी दिली, “लागलं हो सर! पाणी लागलं!”

वर आनंदीआनंद झाला. सर आले, सुहासिनीबाई ताट घेऊन आल्या, शेजारच्या शेतातल्या बाया आल्या. झरा सगळ्यांना पाहायचा होता, आणि तो नीट दिसायचा पूर्वेकडून, ढिगावर चढून. एरवी काठावर कोणी नुसतं डोकावलं तरी खालून शिव्या देणारा माणूस त्या क्षणी कळशीकडे पाहत होता.

काठ बसला. वरचे लोक मागं पडले म्हणून वाचले. ढीग आणि काठाची माती मिळून खाली गेली.

धूळ बसली तेव्हा शकूरभाई उभेच होते. पाठ पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली, तोंड उगवतीकडे, आणि कमरेपर्यंत मुरूम. डावा हात कोपरापासून खाली एका दगडामागं दाबला गेला होता. बोटं हलत होती, हात निघत नव्हता. पाय जागेवर आहेत की नाहीत तेही कळेना. त्यांनी एक हिसका दिला, तर वरून टोपलंभर माती खांद्यावर आली. दुसरा हिसका त्यांनी दिला नाही.

“भाई!” गजेंद्रची आरोळी आली. “जिते हा काय?”

“हाव! लोकाईले मागं काढ आधी!”

थोड्या वेळानं त्यांना दुसरी गोष्ट कळली. झरा मातीखाली गेला होता, पण आटला नव्हता. पाणी मुरमातून वर येत होतं. शर्टाच्या खालच्या बटणाशी गार लागलं. ज्या पाण्यासाठी तीन आठवडे घण मारला, ते आता आपल्यालाच भेटायला येतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

मग त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. खालून हुकूम सोडायला लागले. सरांनी जेसीबी बोलावायचं काढलं, तर, “जेसीबी नोका आणू, तिच्या वजनानं राह्यलेला काठ बसते!” मोटर लावून पाणी उपसायचं ठरलं, पण शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, तर, “मंडपवाल्या हर्षलचं जनरेटर आणा!” काठावर फळ्या आणि बाजा टाकून वजन पसरवायचं चाललं, तर, “ती फळी उलटी टाकली बे! आडवी टाक! यारीवर कोन हाय?”

यारीवर अश्वजित होता. गजेंद्र स्वतः खाली उतरायच्या तयारीत होता आणि इंजिनाचा ब्रेक त्यानं अश्वजितच्या हाती दिला होता. अश्वजित म्हणजे टोळीतला तो पोरगा, ज्याला शकूरभाई चहा ओतायलासुद्धा सांगत नसत, सांडेल म्हणून.

“त्याले नोको देऊ! गजू, ऐकून राह्यला का? त्याले ब्रेक नोको...”

पुन्हा माती आली. या वेळी डोक्यावर, तोंडात, डोळ्यांत. खोकला आवरेना आणि खोकल्याच्या प्रत्येक ठसक्याला भिंतीतून खडे सुटत होते.

“भाई,” वरून गजेंद्र बोलला, हळू, एकेक शब्द सोडत. “तुम्ही वरडता का माती हालते. आता काही सांगू नोका. काही करू नोका. आमच्यावर सोडा.”

याला शकूरभाईंकडे उत्तर तयार होतं, पण ते द्यायचं तरी ओरडावं लागणार. ते गप्प बसले. आणि गप्प बसल्याबरोबर भीती आली. हुकूम सोडत होते तोवर ती बाजूला उभी होती, आता अंगावर बसली. हात अडकलेला, पाय अडकलेले, आता जीभही बांधली. वर आकाशाचा एक थाळीएवढा तुकडा आणि पाणी दुसऱ्या बटणावर. छप्पन्न वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडला, आणि रडतानाही खांदे हलणार नाहीत याची काळजी घेत होता.

गावातल्या मशिदीची दुपारची, जोहरची अजान विहिरीत उतरली ती अगदी बारीक. सवयीनं त्यांना वजूची आठवण झाली. पाणी तर पोटाशीच होतं. उजव्या हातानं त्यांनी तेच गढूळ पाणी तोंडावर घेतलं, डोक्यावर फिरवलं, दाबलेल्या हाताला पोचेल तिथवर लावलं. पाय कुठं आहेत तेच माहीत नव्हतं, ते राहिले. पण तोंड पूर्वेला आणि किबला, नमाजेची दिशा, पश्चिमेला, बरोबर पाठीमागं! मान वळवली तर भिंतीला नाक घासे. ‘आता मी वळून दाखवू शकत नाही,’ ते मनात म्हणाले, ‘तूच फिरून ये.’

कमरेत वाकता येत नव्हतं, तर मानेनंच रुकू, मानेनंच सजदा. मान जोरात हलवायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक सजदा सावकाश, हनुवटी छातीला लागेपर्यंत. इतकी संथ नमाज त्यांनी जन्मात पढली नव्हती. कुठली चप्पल पाहायला जायचं होतं आता!

मग दुआ. “या अल्ला, गजूच्या हाताले बळ दे. हर्षलच्या जनरेटरात डिझेल असू दे. त्या अश्वजितले ब्रेकवर ध्यान द्याले लाव. आन फळी, ती दुसरी फळी...” असं बरंच मागून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण अल्लालाही कामं वाटून देतोय. तेही खालून, कमरेपर्यंत मातीत उभं राहून. त्यांना हसू आलं. ओठांवरची माती खारट लागली.

चाचाची खाट डोळ्यांपुढं आली. गाठ आपली, हे आयुष्यभर केलं. आज गाठ बांधायला दोन हात नाहीत. दोर उरला. तो आपला कधी नव्हताच.

“तुले सारं ठाऊक हाय,” ते इतकं हळू बोलले की मातीचा कण हलला नाही. “मी आता काही सांगत नाही. पाहून घे.”

त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं. भिंत पक्की आहे का, हे हातानं पाहावं असं मनात आलं, आणि त्यांनी पाहिलं नाही. छातीतली धडधड उतरत गेली. पाणी गार होतं, वर कोणी तरी काही तरी करत होतं, आणि ते काय करतंय हे शकूरभाईंना माहीत असण्याची गरज नव्हती. असं पहिल्यांदाच झालं होतं.

पुढचं वरच्यांनी नंतर सांगितलं. अख्तरीबाई शेतात पोचल्या तेव्हा जनरेटर येऊन मोटर नुकतीच खाली सोडली होती, अजून सुरू केली नव्हती. गजेंद्र दोराला लटकून अर्ध्यावर होता. त्यानं दोन हाका मारल्या, ओ आली नाही. शकूरभाईंची मान छातीवर पडली होती आणि पाणी चौथ्या बटणावर होतं. सुहासिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. “त्या मेथीपायी...” एवढंच त्या म्हणत राहिल्या. सर खाली मान घालून उभे होते.

अख्तरीबाई बाजेवर पोटावर पडून काठाशी सरकल्या आणि कान दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“घोरून राह्यले,” त्या म्हणाल्या.

कोणाचा विश्वास बसेना. मग इंजिन क्षणभर बंद केलं, आणि विहिरीतून ते स्पष्ट वर आलं. घोरणंच होतं, खोल विहिरीत घुमणारं, निवांत. अख्तरीबाई तिथंच हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. “बत्तीस वर्षं झाले निका होऊन,” त्या म्हणाल्या, “या मानसाले एक रात सलग झोपलेला म्या पाह्यला नाही. आन आज पाहा कोठी झोपले!”

मोटर चालू झाली. गजेंद्रनं मातीवर पाय न ठेवता, लटकल्या लटकल्या, घमेल्यानं आणि हातानं मुरूम काढला. त्याला दोन तास लागले. मध्येच शकूरभाईंनी डोळे उघडले, समोर गजेंद्रचं घामानं माखलेलं तोंड पाहिलं आणि एकही सूचना दिली नाही. गजेंद्र म्हणतो, त्या दिवशी त्याला खरी भीती वाटली ती तेव्हाच.

डावा हात दगडामागून सुटला तेव्हा तो कोपरापासून काळानिळा होता आणि बोटं मिटत नव्हती. गजेंद्रनं दुसरा दोर त्यांच्या काखेखालून घेतला, पाठीमागं नेला, छातीवर आणला, गाठ मारली आणि हुकात अडकवली. मग सकाळचं काही आठवलं असावं, तो मागं सरला आणि म्हणाला, “घ्या भाई. गाठ पाहून घ्या.”

उजवा हात मोकळा होता. शकूरभाईंनी तो उचलला आणि गजेंद्रच्या खांद्यावर ठेवला.

“तूच बांधली ना?”

“हाव.”

“मंग सांग अश्वजितले. ओढ म्हना.”

तार ताणली. पाय मुरमातून सुटले, आणि शकूरभाई डोळे मिटून, सगळं वजन दोरावर टाकून वर निघाले.