पाण्यात उतरलेल्यांचा वाटा

खेड्यात नर्स का टिकत नाही, या विषयावर मी आजवर इतक्या सभा बसून काढल्या आहेत की तिथल्या चहाच्या कपांचा बांध घातला असता तर एखादा छोटा तलाव अडला असता. मी आरोग्यसेवक. आंधळगावात राहतो आणि मोटरसायकलवरून आतल्या गावांत फिरून तापाचे रोगी, रक्ताचे नमुने आणि डासांच्या अळ्या गोळा करतो. सभेत मोठे साहेब ‘मनुष्यबळ’ असा शब्द वापरतात, पडद्यावर रंगीत गोल दाखवतात, आणि शेवटी ठरतं की पुढच्या सभेत ठरवू. मला तेव्हा मोहाटोल्याची सुंदरबाई आठवते. तिला कोणी सभेला बोलावत नाही, आणि बोलावलं तर सभा तिची होईल.

सुंदरबाई मोहाटोल्याच्या उपकेंद्रात अर्धवेळ परिचर आहे. अर्धवेळ म्हणजे सकाळी झाडू, मग पाणी उकळणं, लसीच्या दिवशी किंचाळणारी पोरं मांडीत धरणं, बाळंतिणीपाशी बसणं आणि संध्याकाळी कुलूप लावणं. उरलेला अर्धा वेळ कोणता, ते खात्याला विचारा. ती ढिवराच्या घरची. नवरा धनीराम तलावात मासे धरतो. बाई ठेंगणी, अंगानं भरलेली, आणि आवाज असा की तलावाच्या पल्याडच्या माणसाला फोन करायची गरज पडू नये.

मोहाटोल्याला नर्स टिकत नसे. एक आली ती पावसाळा संपताच गेली. दुसरीच्या नवऱ्याची नोकरी नागपूरला, तीही गेली. तिसरीनं तर सामानाच्या दोऱ्याच सोडल्या नव्हत्या. मधल्या काळात उपकेंद्राला कुलूप असे. अशाच एका कुलपाच्या काळात सुंदरबाईची सून चंदा अडली आणि आंधळगावच्या वाटेवर गाडीतच बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. त्यावर सुंदरबाई माझ्यापाशी एकदाच बोलली. म्हणाली, “चाबी माह्याच कमरेले होती, भाऊ. उघडून काय करणार होती मी? आत कोण होतं?”

तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं केलं की पुढची नर्स आली की तिला जाऊ द्यायचं नाही.

पुढची आली ती ज्योत्सना. पवनी तालुक्यातल्या अड्याळची, शेतकऱ्याघरची, बारीक अंगाची, कामाला चोख. सुंदरबाईनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिच्या क्वार्टरमध्ये पाणी भरून ठेवायची. ती कुणाच्या घरी गेली की तिच्याआधी खुर्ची पोचायची. बाकीचं घर खाली चटईवर आणि मॅडम एकट्या खुर्चीवर. लग्नात मॅडमना सगळ्यांच्या आधी जेवायला वाढून, हात धुवायला पाणी घालून, घरापर्यंत पोचवून यायचं. मग पंगत बसायची. तलावाला मासळी लागली की पहिली मरळ सिस्टरची. ती सुंदरबाई स्वतः साफ करून, तुकडे करून, हळदमीठ लावून नेऊन द्यायची. गावानंही तिचंच पाहून पाहून मान द्यायला सुरुवात केली. मोहाटोल्याला मान देता येतो, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

दीड वर्ष असं गेलं. चंदाला पुन्हा दिवस गेले. सुंदरबाईच्या चालण्यात फरक पडला. आणि उन्हाळ्यात, बदल्यांचा हंगाम आला तेव्हा, बातमी मीच ऑफिसातून आणली: ज्योत्सना सिस्टरनं अड्याळकडची बदली मागितली होती. मिळणार हेही जवळजवळ नक्की होतं. चंदाला तेव्हा सहावा महिना होता.

लसीकरण आटोपून आया निघून गेल्यावर सुंदरबाईनं दार लोटलं आणि सिस्टरच्या समोर उभी राहिली. मी कोपऱ्यात रजिस्टर लिहीत होतो, म्हणजे लिहीत असल्यासारखं दाखवत होतो.

“सिस्टर, काय कमी पडलं तुमाले इथं?”

“काईच नाई, मावशी.”

“मंग काहून चालल्या?”

ज्योत्सना लसीचा डबा पुसत राहिली. पुसून झालेला डबा तिनं पुन्हा पुसला. मग म्हणाली, “दीड वर्ष झालं मावशी, माह्यासंग कोणी भांडलं नाई.”

सुंदरबाईनं माझ्याकडे पाहिलं. सिस्टरला ताप भरलाय की काय, असं ते पाहणं होतं. “भांडाले कायले पायजे?”

“अड्याळले माही माय रोज शेजारणीसंग भांडते, अन् संध्याकाळी तिच्याच घरून विरजण आणते. इथं मले सगळे देतात, मागत कोणी नाई. कोणाच्या घरी गेली का सगळे गप. लग्नात मले एकटीले आधी जेवू घालता, अन् पंगतीचा हसण्याचा आवाज मी क्वार्टरमधी बसून आयकते. मी पाहुणी आहे मावशी. पाहुण्यानं किती दिवस राहाचं?”

एरवी जिच्यापुढे पटवारी बोलताना अडखळतो, ती बाई दार उघडून बाहेर निघून गेली. मी मोटरसायकल काढली तेव्हा ती उपकेंद्राच्या पायरीवर बसून होती. माझ्यावरच उखडली. “मरळीचा काटासुदा राहू देत नोती मी. अजून काय कराचं होतं?” मी म्हटलं, काटा राहू द्यायचा होता. हे मी थट्टेनं म्हणालो होतो. तिनं मात्र ते थट्टेत घेतलं नाही.

आता मोहाटोल्याच्या तलावाची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ढिवरांच्या सोसायटीची मासेमारी होते, मासळी वजन होऊन व्यापाऱ्याकडे जाते. पण अगदी शेवटचा दिवस गावाचा. त्या दिवशी चिखलपाण्यात जी मासळी सापडेल तिचे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांत वाटे घालतात. वाटा फक्त पाण्यात उतरलेल्या घराला. सरपंच असो की सावकार, काठावरच्याला वाटा नाही. त्याला फार तर भेट मिळते. सिस्टरला आजवर मिळाली ती भेटच होती.

त्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी सुंदरबाई दिवस उगवताच क्वार्टरच्या दारावर थापा मारू लागली. “ज्योत्सना, ऊठ वं. माणसं कमी आहेत. जुना कपडा घाल अन् टोपली घे.”

धनीराम घाबरला. सरकारी बाई चिखलात, काही झालं तर? सुंदरबाई त्याला म्हणाली, “बुडाली त सरकार विचारीन. चालली गेली त कोण विचारीन?”

मी त्या दिवशी डासांच्या अळ्या पाहायला तलावावर गेलो होतो, असं माझ्या डायरीत आहे. ज्योत्सना आली, पाळीवर क्षणभर उभी राहिली आणि चपला काढून उतरली. चार पावलांवर घसरली आणि गळ्यापर्यंत बरबटली. दोन-तीन बाया धावल्या, कुणी तरी पोराला खुर्ची आणायला पिटाळलं. सुंदरबाई पाण्यातूनच ओरडली, “खुर्ची आणली त तलावात फेकीन. तिले हात नाई का? उठीन ते.” ज्योत्सना उठली. मग बाकीच्या बायांबरोबर ओळीनं, टोपली दाबत, चिखल चाचपत ती दुपारपर्यंत राबली. ऊन डोक्यावर आलं होतं. एक मरळ तिच्या हातातून दोनदा निसटली, तेव्हा तिनं त्या मरळीला अड्याळच्या भाषेत जे म्हटलं ते सरकारी कर्मचाऱ्याला शोभणारं नव्हतं. बायांनी माना वळवून पाहिलं. मला वाटतं गावाला ती तेव्हा पहिल्यांदा दिसली.

धनीरामनं वाटे घातले. प्रत्येक पानावर थोडी मोठी मासळी, कतला नाहीतर मरळ, आणि थोडे झिंगे. एक पान सिस्टरच्या घराचं. धनीरामचा हात जरा सैल पडला होता, ते माझ्याही लक्षात आलं. पण माझ्या लक्षात येण्याआधी कुंताबाईच्या आलं होतं. कुंताबाई म्हणजे गावातली अशी बाई की लग्नपत्रिका तिला सर्वांत आधी देतात, उगाच कटकट नको म्हणून. तिच्या घरचा मुलगा पाण्यात होता, ती स्वतः पाळीवर झाडाखाली.

“सिस्टरचा वाटा मोठा काहून?” कुंताबाई म्हणाली.

दीड वर्षं सांभाळलेला मान पाळीवरून घरंगळत तलावात चालला होता. सुंदरबाई तोंड उघडणार तोच ज्योत्सना पुढे झाली. चिखल तिच्या भुवईपर्यंत वाळला होता.

“कुंताबाई, कमरभर चिखलात मी उभी होती. तुमी सावलीत बसून पान खाऊन राहिल्या होत्या. माहा वाटा मोठाच राहीन.”

“वा वं, कालची आली अन् मले शिकवते.”

“कालची कायची? दीड वर्षाची जुनी आहो. अन् तुमच्या पोराच्या पानावर दोन कतले आहेत, थे दिसत नाई का?”

कुंताबाई पानं मोजायला वाकली. ज्योत्सनाही वाकली. दोघी बोटं दाखवत अर्धा तास भांडल्या, आणि शेवटी कुंताबाईनं मूठभर झिंगे इकडून तिकडे करून घेतलेच. सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती असं सगळ्यांना वाटलं. मी जवळ होतो. ती रडत होती.

मासळी त्या दिवशी सिस्टरला कुणी साफ करून दिली नाही. तिनं स्वतः केली, बोट कापून घेतलं आणि स्वतःच पट्टी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात पहिली कुंताबाई हजर. तोंड फुगलेलं, हात पुढे. “पायजा, माहा बीपी वाढवला तुमी काल.” खरंच वाढलेला होता, आणि कालचा नव्हता. दीड वर्षात ती एकदाही तपासायला आली नव्हती. मॅडमपुढे कसं बसायचं, म्हणून. आता गोळ्या घेते आणि त्या कडू आहेत म्हणून दर महिन्याला भांडून जाते.

बदल्यांच्या दिवशी भंडाऱ्याला नाव पुकारलं तेव्हा ज्योत्सनानं अड्याळकडची जागा घेतली नाही. यंदा नको, म्हणाली. यंदा म्हणजे जन्मभर नव्हे, हे तिलाही कळतं आणि सुंदरबाईलाही. म्हणून सुंदरबाईनं धाकट्या लेकीला, रुपाला, भंडाऱ्याला नर्सिंगला घातलं. रुपा सुटीत आली की ज्योत्सना तिला बीपी मोजायला बसवते आणि हात कुंताबाईचा असतो. त्या हातावर शिकलेली मुलगी जगात कुठंही टिकेल.

श्रावणात एका दुपारी चंदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाळंतपण उपकेंद्रातच. सुंदरबाई सारखी आत घुसत होती, सुनेच्या पोटावरून हात फिरवत होती, देव-देव करत होती. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “मावशी, बाहेर व्हा. एकदा सांगतलं समजत नाई का?” ज्या खोलीत तिनं इतकी वर्षं झाडू मारला, त्या खोलीतून तिला हाकललं गेलं. ती पायरीवर येऊन बसली. धनीराम बाजूला. तिनं कमरेची चावी काढून मुठीत धरली होती. पाऊस पडत होता, मी छपराखाली उभा होतो.

मग रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, न थांबणारा.

दार उघडून ज्योत्सना बाहेर आली. “पोट्टी झाली. दोघी बऱ्या आहेत. मावशी, बसून काय राहिल्या? पाणी कोण गरम करीन?”

“करून राहिली ना,” सुंदरबाई म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. “ओरडते कायले एवढी? आमाले आयकू येते.”

“येते त उठा मंग.”

सुंदरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, मुठीतली चावी तिनं खिडकीत ठेवली आणि बडबडत पाणी तापवायला आत गेली.