अंजनाच्या छपरातलं धुराडं

मनकर्णाबाई गवंड्याची लेक. माती तिच्या हाताला अशी वश, की तिनं लिंपलेल्या चुलीला तडा म्हणून जायचा नाही. गावातल्या बायकांच्या सोसायटीनं निर्धूर चुलींचं काम घेतलं, तेव्हा चेअरमन केसरबाईंनी दुसऱ्या कुणाचा विचारसुद्धा केला नाही. दोन वर्षांत मनकर्णाबाईनं एकेचाळीस चुली घातल्या. प्रत्येक चुलीमागं धुराड्याचा सिमेंटचा नळ, तो छपरातून वर काढलेला. नळाभोवतीचं छपराचं उसाचं पाचट वीतभर कापून तिथं मातीचा गिलावा.

"महिन्याला नळ झाडायचा," ती घरच्या बाईला बजावायची. "काठीला पोत्याचं फडकं बांधून वरून खाली. काजळी पेटली तर घर ठिवायची न्हाई."

शिवाय ती स्वतः घरोघर फिरायची आणि उलथण्यानं नळ वाजवून बघायची. मोकळा नळ टणटण वाजे. काजळीनं भरला असला, तर नुसता भद्द.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी खोडं तोडून सरपणाला घेतली. वरून ती वाळकी दिसत, पण आत ओल होती. त्यांचा धूर काळा, चिकट. नळाला डांबरासारखा धरून बसे. हे ओळखून मनकर्णाबाई महिन्याऐवजी पंधरवड्यानं फिरू लागली.

एका मंगळवारी ती अंजनाकडे गेली. अंजनाचं घर गावाबाहेर, मेंढपाळांच्या वस्तीत. नवरा धुळाजी मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेला. घरात ती आणि सासू चतुराबाई. मनकर्णाबाईनं नळ वाजवला. भद्द. तेवढ्यात वेशीकडून पाण्याच्या टँकरचा भोंगा ऐकू आला. टँकर तीन दिवसांनी येई आणि उशिरा जाणाऱ्याची घागर कोरडीच परत येई.

"आक्का, कसा हाय नळ?" अंजनानं भाकरी थापता थापता विचारलं.

नळ झाडायचा म्हणजे तासभर जाणार, आणि अंजनाला एकटीला तो अजून झाडता येत नव्हता. मनकर्णाबाईच्या तोंडून निघून गेलं, "हाय चांगला. जाळ बिनघोर."

उद्या येऊन झाडू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण बुधवारी ती रोजगार हमीच्या खडीवर गेली. गुरुवारी दुपारी अंजनाच्या नळातली काजळी पेटली. भट्टीसारखा घुमारा उठला, नळ तडकला आणि पाचटानं पेट घेतला. घागरी रिकाम्या. लोकांनी माती फेकली, पण छप्पर वाचलं नाही. आत बांधलेलं करडू सोडवायला गेलेल्या चतुराबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

रविवारी सोसायटीची बैठक बसली. अंजनाला छपरासाठी पत्रे आणि नवी चूल द्यायची की नाही, एवढंच ठरायचं होतं. बाईच्या हयगयीनं चूल गेली तर दुसरी मिळत नसे.

"मेंढरामागं फिरणाऱ्यास्नी कशाला पायजे चूल? मी तवाच म्हनलं हुतं," सोसायटीतली वच्छलाबाई म्हणाली.

"तू गप बस. तू तर दिल्याली चूल पेटवतबी न्हाईस, तिच्यावर मांजर निजतंय," केसरबाईंनी तिला झापलं आणि अंजनाकडे वळल्या. "बोल पोरी, कसं झालं?"

अंजना मान खाली घालून म्हणाली, "चूक माजीच हाय. आक्का मंगळवारी बघून गेलत्या, नळ चांगला हुता. मीच दोन दिसांत लई ओलं लाकूड जाळलं."

मनकर्णाबाईला वाटलं होतं, पोर आपल्याकडे बोट दाखवील. त्याची तयारी करून ती आली होती. चार उत्तरं जुळवून ठेवली होती. ती आता कामाची नव्हती. गप्प राहिलं तर तिचं काम शाबूत होतं, अब्रूही. ती उभी राहिली.

"नळ भरला हुता. मला कळलं हुतं. टँकर आला म्हून मी खोटं बोलले."

अंजना अगदी हळू बोलली. "मंग नुसतं 'आज जाळू नगंस' म्हनायचं हुतं, आक्का. मी तीन दगडं मांडून भायेर भाकरी केली असती. एवढं सांगाया कितीक येळ लागतोय?"

 

अंजनाला पत्रे मिळाले. तपासणीचं काम वच्छलाबाईकडे गेलं. नवी चूल मात्र मनकर्णाबाईनंच घातली. दुसऱ्या कुणाला ती घालता येतच नव्हती. चतुराबाई हातांना पट्ट्या बांधून दारात बसल्या होत्या.

"चूल घाल. पर नळ झाडायचं हिला शिकीव," त्या म्हणाल्या. "तुज्या शब्दावर आता आमी जाळ करनार न्हाई."

मनकर्णाबाईनं शिडी धरली, अंजना वर चढली. नळ कोरा, त्यात काजळी कुठून असणार? तरी अंजनानं तीनदा काठी घातली, खाली उतरून चुलीत वाकून स्वतः पाहिलं. मनकर्णाबाईला तिनं काही विचारलं नाही.