दहाच मणी

गांजा ओढणं पाप आहे की नाही, हा प्रश्न मला पडला तेव्हा मी तो ओढून बसलो होतो. म्हणजे क्रम जरा चुकला. त्याचं खापर सैतानावर फोडायची माझी इच्छा नाही; माझ्यासाठी त्या बिचाऱ्याला कधीच मेहनत घ्यावी लागलेली नाही.

एकाहत्तरचा हिवाळा असावा. प्रवरेकाठच्या आमच्या गावात मिशनची शाळा होती. तिथं मी मास्तर होतो. आठवडाभर पाढे शिकवायचे आणि रविवारी पोरांना दहा आज्ञा. माझी थोरली बहीण, आक्का, गावातच ओढ्यापलीकडे दिलेली. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगा झाला आणि त्याचा धर्मबाप व्हायचा मान तिनं मला दिला. तिच्या सासूला हे मुळीच पटलं नव्हतं. "ज्याला सोताचा शर्ट सांभाळता येत न्हाई, त्यो पोर काय सांभाळनार?" असा त्यांचा सवाल. त्यांच्या मनात त्यांचा भाचा होता, कोटवाला. पण आक्का अडून बसली.

बाप्तिस्मा रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर होता. आदल्या संध्याकाळी आक्काच्या घरी माळेची प्रार्थना, आणि ती सांगायची धर्मबापानं.

त्या शनिवारी दुपारी मी एका बागाईतदार मित्राच्या गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस उकळत होता. गुळव्यानं चिलमीला छापीचं ओलं फडकं गुंडाळून ती मित्राकडे दिली आणि मित्रानं माझ्यापुढे धरली.

"घ्या मास्तर, एक झुरका. का तुमच्या धर्मात चालत न्हाई?"

मी मनातल्या मनात दहा आज्ञा मोजल्या. खून नाही, चोरी नाही, खोटी साक्ष नाही. गांजा कुठंच नव्हता.

"चालतं," मी अख्ख्या कॅथलिक धर्माच्या वतीनं सांगून टाकलं.

एकाचे चार झुरके झाले. पुढं तासभर मी काहिलीतले बुडबुडे बघत होतो आणि प्रत्येक बुडबुडा मला ओळखीचा वाटत होता.

दिवेलागणीला आक्काकडे पोचलो. घर भरलेलं. "धर्मबापाच्या मांडीवर असू दे," म्हणून आक्कानं कौतुकानं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि मी माळ सुरू केली. आमच्या माळेत दहा छोटे मणी असतात, मग एक सुटा मोठा मणी. एका छोट्या मण्याला मरियामातेची एक प्रार्थना: सांगणाऱ्यानं 'नमो मरिये' म्हणायचं, बाकीच्यांनी 'पवित्र मरिये' म्हणून ती पुरी करायची. मोठा मणी लागला की थांबायचं आणि पुढचे दहा घ्यायचे. आंधळ्यालाही नुसत्या बोटांनी कळावं अशी सोय आहे. मला कळली नाही.

मी 'नमो मरिये' म्हणत राहिलो, म्हाताऱ्या 'पवित्र मरिये' म्हणत राहिल्या. मला वाटत होतं, आत्ताशी तीन झाले. इतकी भक्ती मला जन्मात कधी दाटून आली नव्हती. प्रार्थना मध्येच तोडायची नाही या रिवाजामुळे म्हाताऱ्याही हटेनात. चुलीवरचं कालवण करपलं. दोन पोरं झोपली. शेवटी आक्काची सासू म्हणाली, "पाव्हनं, चाळीसच्या वर मोजलं मी. तुमच्या माळंला शेवट हाय का न्हाई?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच वेळ. आक्का हसली नाही. तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं. ते लालबुंद झालं होतं.

"केव्हाचा रडतोय," ती म्हणाली. "मी तुला तीन हाका मारल्या. तुला ऐकूच आलं नाही."

तिला वास कळला होता. आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती बाळाला घेऊन आत गेली.

सकाळी मिस्सेआधी मी पापनिवेदनाला फादरांच्या जाळीपुढं गुडघे टेकले. आमचे फादर युरोपातल्या कुठल्याशा बर्फाळ गावचे, पण मराठी शिकले ते उसाच्या फडात. त्यामुळे पुस्तकी मराठी माझी आणि गावरान त्यांची. मी पाप कमी आणि वकिली जास्त सुरू केली.

"फादर, बी असलेलं प्रत्येक झाड देवानंच माणसाला दिलं. गांज्याला बी असतं."

"धोतऱ्याला बी आसतंय. खातूस?"

"काना गावच्या लग्नात प्रभू येशूनं स्वतः पाण्याचा द्राक्षारस करून पुरवला."

"व्हय. आन् पंगतीच्या कारभाऱ्यानं चव वळखली, का ह्यो आधीच्यापरीस झ्याक हाय. म्हंजी शुद्धीवर हुता."

मग मी ठेवणीतलं काढलं. "आणि तुमची चिरूट?"

जाळीपलीकडे फादर खाकरले. "ती बी बरी न्हाई. डाक्टर वरडतोय. पन ती वढताना कुनी हाक मारली तर म्या 'ओ' देतो."

तेव्हा कुठं मी, सगळ्यात किरकोळ बाब असल्यासारखं, म्हणालो, "बाळ जरा रडत होतं."

"कुनाच्या मांडीवर?"

"माझ्या."

"आन् हे तू समद्यात शेवटी सांगतूस?" आवाज चढला नव्हता, तरी मी खाली बघितलं. "दुखन्यापायी झाडपाला घेतलास तर दवा म्हनीन. पन देवानं दिलेलं ध्यान निस्त्या गमतीपायी इझवायचं, आन् मांडीवर लेकरू आसताना! ते पाप हाय, लेका. जा, प्रायश्चित्त म्हून एक दहा मनी. दहाच. हितंच म्हन. म्या मोजतो."

आणि खरंच मोजले. आठव्याला आतून "आठ" ऐकू आलं.

मिस्सा झाली. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी फादरनी विचारलं, "धर्मबाप कोन?" मी आक्काकडे बघितलं. सासूचा कोटवाला भाचा एक पाऊल पुढं सरकला. बाळ किंचाळत होतं. आक्कानं त्याला छातीशी घट्ट धरलं होतं आणि माझ्याकडे बघत होती.

"का रडतोय हा?" तिनं मलाच विचारलं. "भूक लागली म्हणून?"

मी जवळ गेलो. मिस्सेतलं फादरांचं प्रवचन ऐकलं नसेल इतकं कान देऊन ते रडणं ऐकलं. तोंड दूध शोधत नव्हतं, बाळ नुसतं पाय झाडत होतं.

"भूक नाही. ओला झालाय."

आक्कानं दुपट्यात हात घालून बघितलं. मग बाळ माझ्या हातात दिलं आणि वर कोरडा लंगोट ठेवला. "धर मग. बदल तूच."

सगळं चर्च वाट बघत असताना शेवटच्या बाकावर मी जन्मातला पहिला लंगोट बदलला. गाठ दोनदा सुटली. गाठ तिसऱ्यांदा बांधायच्या आत बाळानं माझा नवा पांढरा शर्ट गळ्यापासून खालपर्यंत भिजवला. तसाच मी कुंडाशी जाऊन उभा राहिलो. "सैतानाचा त्याग करता का?" या प्रश्नाला मी इतक्या मोठ्यानं "करतो" म्हणालो, की आक्का कालपासून पहिल्यांदा हसली.

तिची सासू मात्र माझ्या शर्टाकडेच बघत होती.