कानशिलावरचा काळा ओघळ

मुलाखतीला गेलो आणि सवयीने टेबलाच्या भलत्याच बाजूला जाऊन बसलो. कारखान्यात इतकी वर्षं मीच मुलाखती घ्यायचो. कारखाना बंद पडल्याचं डोक्याला कळलं होतं, पायांना अजून कळायचं होतं. मागून एक तरुण बाई आल्या आणि हसून म्हणाल्या, "काका, ती माझी खुर्ची." मुलाखत खरं तर तिथेच संपली. काकांना लोक पाणी विचारतात, नोकरी देत नाहीत.

बाहेर बाकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बोलावण्याची वाट बघत बसले होते. उकाड्याने त्यांच्या केसांचा कलप कानशिलावरून ओघळत होता. मी खुणेने दाखवलं. त्यांनी घाईघाईने रुमाल फिरवला, तशी खालची पांढरी रेघ उघडी पडली.

"आता ठीक दिसतंय?"

"अगदी चाळिशीतले वाटता," मी म्हणालो.

नोकरी शोधणाऱ्याला सगळे सांगतात, अनुभव ठळक दाखवा आणि वय दिसू देऊ नका. पण वय सोडून अनुभव येतो कुठून? जे कमवायला अर्धं आयुष्य गेलं, तेच आता बाटलीतल्या रंगाने झाकायचं. त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा आत जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरचाच कोणी होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती थांबली. "जागा एकच आहे ना? मग निदान त्यांना तरी मिळू दे, असं म्हणायला हवं खरं. पण म्हणवत नाही हो."